एक्याऐंशीवे मूल

गेल्या वर्षी मोहल्ल्यातली एक बाई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. ती माझ्या मुलीची बालमैत्रीण. आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतची. दोघी पाचवीत एकाच बाकावर बसायच्या आणि तो वर्ग माझ्याकडे होता. तिच्या हातात नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेच्या अर्जाची प्रत होती. म्हणाली, "चाचा, इसकू नवोदय में बिठाना है. तुम पढाते क्या?"

मी लगेच हो म्हणालो नाही. "देखेंगे" म्हणालो. चहा पिऊन ती गेली आणि मी मात्र कितीतरी वेळ ओसरीवर बसून राहिलो. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी तीच परीक्षा त्या दोघींनी दिली होती. माझ्या मुलीची निवड झाली, तिची झाली नाही. माझी मुलगी आज पुण्यात इंजिनिअर आहे. ही बाई सातवीनंतर शाळेतून सुटली, अठराव्या वर्षी तिचे लग्न झाले, आता नवऱ्याबरोबर फळांचा गाडा सांभाळते.

दोघींमध्ये बुद्धीचा केवढा फरक होता? मी दोघींचा गुरुजी होतो, म्हणून खात्रीने सांगतो, फारसा नव्हता. गणितात तर हीच थोडी पुढे होती. फरक होता तो घरात. परीक्षेच्या आधी चार महिने मी रोज रात्री मुलीला घेऊन बसत होतो. आकृत्यांची मालिका कशी ओळखायची, वेळ कसा वाटून घ्यायचा, उत्तर येत नसेल तर पुढे कसे जायचे, हे सगळे तिला शिकवत होतो. सुरुवातीला ही मैत्रीणही येऊन बसे. दहा-बारा दिवसांनी ती यायची थांबली, कारण आई गाड्यावर जायची आणि धाकट्या भावाला हिला सांभाळावे लागे. मला ते ठाऊक होते. तिचे घर माझ्या घरापासून चार घरांवर होते. मी तिला बोलवायला गेलो नाही.

हा लेख त्या चार घरांच्या अंतराविषयी आहे. सरकारने सगळ्यांच्या पैशातून शाळा काढावी, तिच्यात उत्तम शिक्षक, वसतिगृह, प्रयोगशाळा, मैदान असावे आणि तिथे फक्त परीक्षेत वर आलेल्या मुलांनाच घ्यावे, हे सगळ्या मुलांच्या बाबतीत न्याय्य आहे का? ज्याच्या घरात या शाळेचा लाभ आला आहे, त्याने हा प्रश्न विचारणे ढोंगीपणाचे वाटेल. पण ज्याला लाभ झाला नाही त्याने विचारला, तर आपण त्याला मत्सर म्हणतो. मग तो विचारायचा कोणी?

आधी या शाळांचे श्रेय त्यांना द्यायला हवे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून नवोदय विद्यालये उभी राहिली. त्याआधी १९८५-८६मध्ये प्रयोग म्हणून दोन शाळा निघाल्या, एक हरियानातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. आज देशात अशा सहाशेहून अधिक शाळा आहेत. सहावीत जास्तीत जास्त ऐंशी मुले घेतात. त्यांतल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश जागा मुलींना, शिवाय अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण आणि अलीकडे इतर मागासवर्गीयांनाही. राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश सरकारकडून. धोरणामागचा विचार असा होता की, चांगले शिक्षण केवळ पैसेवाल्यांच्या मुलांची मिरास राहू नये, खेड्यातल्या हुशार मुलालाही ते मिळावे. या विचाराला नावे ठेवणे सोपे नाही. माझ्यासारख्या शिक्षकाला त्या काळी मुलीला शहरात ठेवून शिकवणे परवडले नसते. नवोदय नसती तर तीही कदाचित दहावीनंतर घरी बसली असती.

या शाळेने तिला आणखी काही दिले. नववीत काही मुले हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयमध्ये वर्षभरासाठी पाठवतात आणि तिकडची मुले इकडे येतात. गावाच्या वेशीबाहेर न गेलेली पोर परप्रांतातल्या मुलींबरोबर एका खोलीत राहिली. रमजानमध्ये तिला सहेरीला उठवायचे काम तिच्या हिंदू मैत्रिणी करायच्या, हे ती आजही सांगते. एवढे चांगले ज्या शाळेत घडते ती वाईट कशी म्हणावी? मी तिला वाईट म्हणतच नाही. माझा प्रश्न तिच्या दाराविषयी आहे.

दारावर एक परीक्षा आहे. दोन तासांची, शंभर गुणांची. निम्मे गुण मानसिक क्षमता चाचणीला, उरलेले अंकगणित आणि भाषेला. ती अनेक भाषांतून, उर्दूतूनही, देता येते. आणि ती आयुष्यात एकदाच देता येते, दुसऱ्यांदा बसू देत नाहीत. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी ताप असेल, घरात मयत झालेली असेल, केंद्रावर जाणारी एसटी चुकली असेल, तरी तो निकाल कायमचा. मोठ्या माणसांना आपण निवडणुकीत पुन्हा उभे राहू देतो, बँकेच्या परीक्षेला पुन्हा बसू देतो. लेकराला मात्र पुन्हा बसू देत नाही.

सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ, तपासणीत नाव नाही, गाव नाही. मग अन्याय कुठला, असे विचारले जाते. प्रश्नपत्रिका सारखी असते हे खरे. पण तिच्यापर्यंत येणारी दहा वर्षे सारखी नसतात. एका मुलाच्या घरी वर्तमानपत्र येते, आई गोष्ट वाचून दाखवते, वडील पाढे म्हणून घेतात. दुसऱ्याच्या घरी कोणी वाचणाराच नसतो. एकाच्या घरातली भाषा आणि पुस्तकातली भाषा एकच असते. दुसरा घरात दखनी बोलतो, शाळेत मराठी शिकतो आणि मदरशात अरबी अक्षरे गिरवतो. आता तर तालुक्याच्या गावांत नवोदयच्या तयारीचे शिकवणी वर्ग निघाले आहेत. गरिबांसाठी काढलेल्या शाळेच्या दारावर पुन्हा फी उभी राहिली, फक्त ती शाळेऐवजी क्लासवाला घेतो.

समजा, हे सगळे फरक पुसता आले. अगदी निव्वळ जन्मजात बुद्धी मोजणारी परीक्षा कोणी शोधून काढली. तरी माझा प्रश्न सुटत नाही. जन्मजात बुद्धी ही त्या मुलाची कमाई आहे का? जमीनदाराच्या पोटी जन्मणे ही जशी कर्तबगारी नव्हे, तशीच तल्लख डोके घेऊन जन्मणे हीही नव्हे. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली नेमके हेच मांडले. निसर्गाने केलेली वाटणी न्याय्यही नसते आणि अन्याय्यही नसते; न्याय-अन्याय ठरतो तो त्या वाटणीचे समाज पुढे काय करतो यावरून. आपल्या बोलण्यात याला साधा शब्द आहे, अमानत. बुद्धी ही अमानत आहे. मालकी वेगळी. ज्याच्याकडे अमानत अधिक त्याची जबाबदारी अधिक, एवढे समजते. पण ज्याच्याकडे अधिक, त्यालाच सरकारने अधिक द्यावे, हे त्यातून कसे निघते?

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. हुशार मुले शिकली की ती समाजाला वर काढतील. वरच्यांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल. हा युक्तिवाद नवा नाही. १८३५ साली मेकॉलेने थोड्या लोकांना इंग्रजी शिक्षण देण्याचा आग्रह धरला त्यामागे तो होता. आणि त्याला सर्वांत रोखठोक उत्तर याच महाराष्ट्रात मिळाले. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुल्यांनी सरकारला विचारले होते की, महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गांवर, हा कुठला न्याय? बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. सावित्रीबाईंबरोबर काम करणाऱ्या फातिमा शेख यांचे नाव आज आपण अभिमानाने घेतो. त्या शाळांत कोणाची चाळणी परीक्षा घेतली जात नव्हती. ज्यांना कोणी आत घेत नव्हते त्यांच्यासाठीच त्या शाळा होत्या.

जोतीरावांनी ज्यांच्यावरील खर्चाला आक्षेप घेतला ते जातीने वरचे होते. नवोदयमधली मुले गुणांनी वरची आहेत आणि त्यांत दलित आहेत, आदिवासी आहेत, मुली आहेत. हा फरक मोठा आहे, तो मी नाकारत नाही. पण खाली उरलेल्यांच्या बाजूने पाहिले तर प्रश्न तोच राहतो. माझ्या शाळेला एकेका वर्षी दोन वर्गांना मिळून एक शिक्षक असे, पावसाळ्यात एक खोली गळत असे. नवोदयला ऐंशी मुले गेली तेव्हा आमच्या खोलीचे छप्पर दुरुस्त झाले नाही. उलट ज्या पालकांना शाळेविषयी आस्था होती, जे प्रश्न विचारत, त्यांची मुले निघून गेली. माझी मुलगी गेल्यावर शाळा समितीच्या बैठकीत मीही पूर्वीइतका भांडेनासा झालो.

इंग्लंडमध्ये हा प्रयोग आपल्या आधी झाला. १९४४च्या शिक्षण कायद्यानंतर तिथे अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन थोड्या मुलांना ग्रामर स्कूलमध्ये आणि बहुसंख्यांना सेकंडरी मॉडर्न शाळेत धाडले जाई. १९६५ साली मजूर पक्षाच्या सरकारने स्थानिक संस्थांना ही विभागणी सोडायला सांगितले. १९९८च्या कायद्याने नव्या ग्रामर शाळा काढायला मनाई केली. तरी जुन्या १६३ शाळा तिथे उरल्या आणि त्यांवरचा वाद अजून संपलेला नाही. त्या शाळांत गरीब घरांतल्या मुलांचे प्रमाण आसपासच्या शाळांपेक्षा बरेच कमी असते. त्या वादातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आमच्या गावात ग्रामर स्कूल हवी, असे म्हणणारे पालक तिथे पुष्कळ भेटतात. आमच्या गावात सेकंडरी मॉडर्न हवी, असे म्हणणारे कोणी भेटत नाही. पण एक उघडली की दुसरी आपोआप तयार होते. आपल्याकडेही नवोदय हवी असे सगळे म्हणतात. ज्यांची निवड झाली नाही त्यांची शाळा कशी असावी, हे कोणी बोलत नाही.

आपल्या देशाच्या कायद्यातही हा पेच आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी घ्यायला मनाई केली. एका मुलाला डावलून दुसऱ्याला निवडायची चिठ्ठी टाकण्याव्यतिरिक्त कोणतीही पद्धत, अशी चाळणीची व्याख्याच त्या कायद्यात आहे. खासगी शाळेने चिमुरड्याची मुलाखत घेतली तर आपण तिला बेकायदेशीर म्हणतो. त्याच कायद्यात नवोदय विद्यालये ही विशिष्ट वर्गातील शाळा म्हणून नोंदली आहेत आणि तिथली परीक्षा मात्र चालूच राहिली आहे. सहा ते चौदा वर्षांचे मूल हक्काचे, असे म्हणायचे आणि अकराव्या वर्षी त्याच मुलाला स्पर्धेला उभे करायचे, या दोन गोष्टी एका सरकारच्या तोंडी शोभत नाहीत.

आता आपल्या समाजाकडे येतो, कारण इथे आपली फसगत होण्याचा धोका अधिक आहे. २००६ साली सच्चर समितीने दाखवून दिले की, सहा ते चौदा वयोगटातली चारांपैकी एक मुसलमान मुले एक तर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधूनच सुटली. महाराष्ट्रात आपली वस्ती प्रामुख्याने शहरी आहे. २००१च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ७० टक्के. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग वस्तीतले मूल कितीही गरीब असले तरी ते नवोदयच्या हिशेबात शहरी ठरते. तिसरी, चौथी, पाचवी या तीन इयत्ता ग्रामीण शाळेत झाल्या नसतील तर ग्रामीण जागा मिळत नाही. म्हणजे मागाच्या खडखडाटात अभ्यास करणारे ते मूल उरलेल्या पाव हिश्श्यातल्या जागांसाठी डॉक्टर-वकिलांच्या मुलांशी स्पर्धा करते. ही तक्रार खरी आहे आणि ती केलीच पाहिजे.

पण आपली तक्रार तिथेच थांबते, हे मला खटकते. नवोदयमध्ये आमची मुले किती, आयआयटीत किती, कलेक्टर किती झाले, हे आपण मोजतो. जूनमध्ये गुणवंतांचा सत्कार ठेवतो. शाल, हार, बॅग, भाषणे. मी स्वतः असे कितीतरी सत्कार घडवून आणले आहेत. दहावीला पंचेचाळीस टक्के मिळवून सकाळी बेकरीत काम करणाऱ्या पोराला आपण कधी मंचावर बोलावले? नापास झालेल्या मुलीच्या घरी जाऊन, पुन्हा फॉर्म भर, मी फी देतो, असे किती जणांनी म्हटले? सरकारच्या चाळणीवर बोलण्याआधी आपल्या हातातली चाळणीही पाहिली पाहिजे. आपला वाटा मिळाला की पद्धत न्याय्य, असे म्हणता येत नाही. उद्या ऐंशीपैकी वीस जागा आपल्या मुलांना मिळाल्या तरी एक्याऐंशीवे मूल कोणाचे तरी असणारच, आणि आपल्या मोहल्ल्यात ते असण्याची शक्यता अधिक.

कुराणातल्या 'अबस' या सूरेमागचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकला आहे. प्रेषित मुहंमद (स.) कुरैशांच्या सरदारांशी बोलण्यात गढले होते. ते वळले तर पुष्कळांचे भले होईल, हा त्यामागचा सद्हेतू. तेवढ्यात अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम हे अंध गृहस्थ काही शिकायला आले. बोलण्यात व्यत्यय आला म्हणून प्रेषितांच्या कपाळावर आठी पडली आणि त्यांनी तोंड फिरवले. त्याबद्दल अल्लाहने त्यांना समज दिली आणि ती समज कायमची ग्रंथात राहिली. मी आलिम नाही, तफसीर सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण शिक्षक म्हणून मला हा प्रसंग नेहमी स्वतःवरचा वाटत आला आहे. ज्यांच्यावर मेहनत घेतली तर जास्त फळ दिसेल त्यांच्याकडे लक्ष देणे हा हिशेब प्रत्येक शिक्षक करतो. साहेब शाळा तपासायला आले की विचारत, नवोदयला किती लागले? किती मुलांना वाचता येत नाही, हा प्रश्न त्यानंतर येई किंवा येतच नसे. मग पुढच्या बाकांकडे तोंड आणि मागच्या बाकांकडे पाठ, अशी माझीही सवय झाली. आंधळ्याला आपल्या कपाळावरची आठी दिसत नव्हती. मागच्या बाकावरच्या मुलांना माझी पाठ दिसत होती.

एक आक्षेप मात्र बाजूला सारता येत नाही. हुशार मुलाचीही काही गरज असते. वर्गाच्या गतीने चालताना ते कंटाळते, कधी वाया जाते. त्याच्यावरही अन्याय होतो. हे मी पाहिले आहे. पण वेगळी पुस्तके देणे, वेगळी गणिते घालणे, पुढच्या वर्गात बसू देणे ही त्याची गरज झाली. त्याला उचलून सगळ्या चांगल्या सोयींसह वेगळ्या आवारात नेणे ही गरज नव्हे, ते बक्षीस झाले. आणि निवासी शाळेची खरी गरज कोणाला आहे? ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात त्या बीडच्या मुलांना, ज्यांच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही त्यांना, धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी घरी बसवलेल्या मुलींना. सरकारला हे कळत नाही असेही नाही. २००४ साली सुरू झालेल्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांत परीक्षा नाही. मागासलेल्या तालुक्यांतल्या, शाळा सुटलेल्या मुलींसाठी ती आहेत. ७५ टक्के जागा दलित, आदिवासी, इतर मागास आणि अल्पसंख्याक मुलींच्या, उरलेल्या दारिद्र्यरेषेखालच्या. गरज पाहून प्रवेश देता येतो, हे त्याच सरकारने करून दाखवले आहे. मग एका निवासी शाळेचे दार गुणांनी उघडावे आणि दुसरीचे गरजेने, आणि गुणांनी उघडणारी तेवढी नावाजलेली, असे का असावे?

म्हणून नवोदय बंद करा, असे मी म्हणणार नाही. चांगली शाळा बंद केल्याने वाईट शाळा चांगली होत नाही. पण दार बदलता येईल. शिकण्याची किमान तयारी एवढीच अट ठेवून पुढची निवड चिठ्ठ्या टाकून करता येईल, म्हणजे शिकवणी वर्गांचा निम्मा धंदा बसेल आणि राहिलेल्या मुलाला, आपण कमी पडलो, असे वाटणार नाही. चिठ्ठी लागली नाही, एवढेच वाटेल. शहरातल्या गरीब वस्तीचा वेगळा विचार करता येईल. एकदाच, हा नियम काढता येईल. आणि १९८६च्या धोरणाने या शाळांकडून आसपासच्या शाळांना वाट दाखवण्याची अपेक्षा केली होती, तिचा हिशेब दर वर्षी मागता येईल. किती मुले बोर्डात आली याबरोबरच, भोवतालच्या वीस शाळांत काय सुधारले, हेही विचारता येईल. या गोष्टी होईपर्यंत ही व्यवस्था ऐंशी मुलांवर उपकार करते आणि बाकीच्यांच्या बाबतीत अन्याय्य आहे, असेच मला म्हणावे लागेल.

माझ्या मुलीला मी फोनवर हे सगळे बोलून दाखवले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अब्बा, तुम्ही तेव्हा तिला का नाही बोलावलं?" मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईच्या गाड्यावर गेलो आणि मुलाला संध्याकाळी पाठव म्हणून सांगितले. त्याच्या वर्गातली बाकीची मुलेही येऊ देत, असेही म्हणालो. आता मगरिबनंतर ओसरीवर चौदा मुले बसतात. त्यांतल्या सहांनीच नवोदयचा फॉर्म भरला आहे. तिघांना अजून नीट वाचता येत नाही, त्यांना मी माझ्या जवळ बसवतो. गेल्या आठवड्यात एक मुलगी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी मी चप्पल घालून तिच्या घरी गेलो. धाकटी बहीण कडेवर होती. म्हटले, तिलाही घेऊन ये.